सी-१० पिकअपला नवे इंजिन बसवताना : मागच्या चाकांपासून पुढे करत नेण्याचे काम

शेवरोलेची १९६७ ते १९७२ या काळातली सी-१० ही अर्ध्या टनाची पिकअप अमेरिकेत आजही रस्त्यावर दिसते, आणि तिच्या बॉनेटखाली जनरल मोटर्सचेच पुढच्या पिढीतले व्ही-८ इंजिन बसवणे हे तिथल्या हौशी मंडळींचे आवडते काम आहे. गाडीची चेसिस साधी आहे, इंजिनाभोवती हात घालायला भरपूर जागा आहे आणि जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो, त्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये हे काम पुरे होऊ शकते. डेट्रॉईटच्या परिसरात वाहनउद्योगात काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत; त्यांच्यापैकी कोणी अशी गाडी घेतली असेल किंवा घेण्याच्या विचारात असेल, तर त्यांना कामाचा क्रम नीट कळावा म्हणून हा लेख लिहितो आहे.

क्रमावर माझा भर आहे, कारण बहुतेक गाड्या तिथेच अडकतात. आधी इंजिन विकत घेतले जाते, मग ते बसवण्याची घाई होते, आणि ब्रेक, मागचा ॲक्सल, इंधनाची टाकी या गोष्टी पैसे संपल्यावर आठवतात. वाढलेली ताकद ज्या भागांना पेलायची आहे ते भाग आधी तयार करावेत आणि इंजिन त्यानंतर बसवावे, असे माझे ठाम मत आहे.

कागदावरचा हिशेब

या गाड्यांमध्ये मूळचे २५० घनइंचाचे सहा सिलिंडरचे इंजिन पुष्कळदा सापडते. त्याची कंपनीने जाहीर केलेली ताकद १५५ अश्वशक्ती आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) २३५ पौंड-फूट होता. हे आकडे इंजिन गाडीबाहेर, सायलेन्सर आणि अल्टरनेटरसारखा भार न जोडता मोजलेले आहेत; १९७२ पासून जाहीर झालेले आकडे सगळा भार जोडून मोजलेले असल्यामुळे कमी दिसतात. म्हणून जुन्या आणि नव्या इंजिनांचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली, तर प्रत्यक्षातला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा मोठा असतो.

नव्या इंजिनासाठी मी इथे ५.३ लिटरचे एलएम-७ धरले आहे. १९९९ ते २००७ या काळात ते जनरल मोटर्सच्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांत प्रचंड संख्येने बसवले गेले, त्यामुळे भंगार आवारांत ते सहज मिळते. वर्षानुसार त्याची ताकद २७० ते २९५ अश्वशक्ती आणि टॉर्क ३१५ ते ३३५ पौंड-फूट आहे. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमची, ही रचना रोजच्या वापरासाठी दणकट आहे.

आता पहिल्या गिअरमध्ये मागच्या ॲक्सलवर किती टॉर्क पोचतो ते पाहू. डिफरन्शियलचे (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरसंचाचे) गुणोत्तर ३.७३ धरले आणि जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला टर्बो ३५० हा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडलेला असला, तर २३५ गुणिले २.५२ (पहिल्या गिअरचे गुणोत्तर) गुणिले ३.७३, म्हणजे सुमारे २,२०० पौंड-फूट. एलएम-७ ला ४एल६०-ई हा चार गतींचा गिअरबॉक्स जोडला तर ३२५ गुणिले ३.०६ गुणिले ३.७३, म्हणजे सुमारे ३,७००. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमुळे होणारी वाढ यात धरलेलीच नाही. इंजिनाचा टॉर्क चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढला तरी ॲक्सल, शाफ्ट आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे) यांच्यावरचा भार जवळजवळ सत्तर टक्के वाढतो, कारण नव्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर जास्त खोल, म्हणजे मोठ्या गुणोत्तराचा आहे.

हायवेचा हिशेबही आताच करून ठेवावा. ताशी मैलांना ३३६ ने गुणावे, त्याला डिफरन्शियलच्या आणि चालू गिअरच्या गुणोत्तराने गुणावे आणि टायरच्या इंचातल्या व्यासाने भागावे. उत्तर इंजिनाच्या आरपीएममध्ये येते. २८ इंची टायर, ३.७३ चे डिफरन्शियल आणि ताशी ७० मैल असताना टर्बो ३५० च्या थेट तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन सुमारे ३,१३० आरपीएमवर ओरडत असते, तर ४एल६०-ई च्या ०.७० च्या चौथ्या गिअरमध्ये तेच २,१९० वर शांत चालते. मागे ३.०७ चे डिफरन्शियल असेल तर चौथ्या गिअरमध्ये आरपीएम १,८०० वर येतात आणि चढावर गाडी पुन्हा पुन्हा खालच्या गिअरमध्ये पडते. म्हणून या जोडीला ३.७३ मला योग्य वाटते.

ब्रेक आणि चाके

१९७० पर्यंतच्या सी-१० ला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढचे डिस्क ब्रेक १९७१ पासून आले. तीनशेच्या घरातली अश्वशक्ती ड्रमच्या भरवशावर रस्त्यावर आणू नये. १९७१ नंतरच्या गाडीचे पुढचे स्पिंडल (ज्यावर चाक फिरते तो भाग), डिस्क आणि कॅलिपर आधीच्या गाडीवर बसतात, परंतु त्यात एक अडचण आहे, जी ऑर्डर देण्यापूर्वीच लक्षात घ्यावी. १९७० पर्यंतची चाके सहा नटांची होती आणि १९७१ पासून ती पाच नटांची झाली, त्यामुळे पुढे डिस्क बसवल्यावर पुढची चाके पाच नटांची आणि मागची सहा नटांची होतात. मागचे हाफ शाफ्ट आणि ड्रम बदलून सगळी चाके पाच नटांची करणे, किंवा सहा नटांसाठी बनवलेले डिस्क-किट घेणे, असे दोन मार्ग आहेत. मागचा ॲक्सल उघडायचाच असेल तर पहिला मार्ग सोयीचा पडतो.

मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये दाब वाटणारा) डिस्क-ड्रमच्या जोडीला साजेसे हवेत. ब्रेकचे जुने लोखंडी पाइप आतून गंजलेले असतात. ते वाचवण्यात काहीच शहाणपण नाही.

याच वेळी चेसिस धुऊन नीट पाहावी. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट जिथे चेसिसला लागतात तो भाग, पुढच्या क्रॉसमेंबरचे (चेसिसच्या आडव्या पट्टीचे) रिव्हेट आणि मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (ॲक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) जागा या तीन ठिकाणी तडे किंवा ढिलेपणा शोधावा.

मागचा ॲक्सल

सी-१० मधला बारा बोल्टचा ॲक्सल चांगला आहे. त्याच्या क्राउन व्हीलचा (आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा) व्यास ८.८७५ इंच असतो आणि हाफ शाफ्ट ३० स्प्लाइनचे (टोकावरच्या लांबट खाचांचे) असतात. शेवरोलेच्या कारमधला बारा बोल्टचा ॲक्सल दिसायला सारखा असला तरी त्याचे आणि ट्रकचे गिअर एकमेकांना लागत नाहीत, तेव्हा भाग मागवताना ट्रकचाच हवा हे स्पष्ट सांगावे. गाडीत सध्या कोणते गुणोत्तर आहे ते पाहण्यासाठी मागचे कव्हर काढून क्राउन व्हीलचे दाते मोजावेत आणि त्यांना पिनियनच्या (ते फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) दात्यांच्या संख्येने भागावे. कोणी काय सांगितले यावर विसंबू नये.

क्राउन-पिनियन बदलणे हे गॅरेजमधल्या जमिनीवर बसून करण्याचे काम नव्हे. पिनियनची खोली, बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) आणि दात्यांमधली मोकळीक या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. मोकळीक साधारण ०.००६ ते ०.०१० इंच ठेवतात आणि ती डायल गेजने क्राउन व्हीलच्या तीन-चार ठिकाणी मोजतात. त्यानंतर दात्यांना रंग लावून, व्हील फिरवून, उमटलेला ठसा दात्याच्या मध्यभागी येतो का ते पाहतात. ही उपकरणे नसतील तर ॲक्सल सोडवून जाणकार कारागिराकडे न्यावा. दोन्ही चाकांना ताकद देणारे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बसवायचे असेल तर ते याच वेळी बसवावे, कारण पिकअपचा मागचा भाग रिकामा असताना हलका असतो आणि ओल्या रस्त्यावर एकच चाक जागच्या जागी फिरत राहते.

इंजिन निवडताना

भंगार आवारात गाडी समोर उभी असेल तर वाहन क्रमांकाचे आठवे अक्षर पाहावे. एलएम-७ साठी ते इंग्रजी टी असते. इंजिनाबरोबर वायरिंगचा संपूर्ण हार्नेस, इंजिनाचा संगणक, थ्रॉटल (हवेची झडप), आणि थ्रॉटल विजेवर चालणारे असेल तर ॲक्सिलरेटरचे पेडल आणि त्याचे नियंत्रक, हे सारे एकाच गाडीतून घ्यावे. हे भाग एकमेकांशी जुळलेले असतात. वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांतून गोळा केलेले संच पुढे फार त्रास देतात. १९९९ ते २००२ या काळातल्या पुष्कळ पिकअपना केबलचे थ्रॉटल होते, आणि जुन्या गाडीसाठी ते मला अधिक सोपे वाटते. २००७ नंतरच्या पिढीत कमी भारावर चार सिलिंडर बंद करण्याची यंत्रणा आली. तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) खराब होण्याच्या तक्रारी सर्वश्रुत आहेत, म्हणून पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने आधीची पिढी घ्यावी.

एलएम-७ च्या हेडवरचा कास्टिंग क्रमांक ७०६ असेल तर त्यावर कास्टेक या कारखान्याचे चिन्ह आहे का ते पाहावे. २००१ ते २००६ दरम्यानच्या अशा काही हेडना आतून बारीक तडे जातात आणि बाहेर एक थेंबही न सांडता कूलंट हळूहळू कमी होत जातो. ऑइलची कॅप उघडून आत दुधाळ थर दिसतो का ते बघावे. व्हॉल्व्ह कव्हर काढता आले तर आतला रंगही पाहावा. वेळच्या वेळी ऑइल बदललेले इंजिन आतून फिकट तपकिरी असते आणि दुर्लक्षित इंजिनात काळा गाळ साचलेला असतो.

इंजिन स्टँडवर असताना

इंजिन गाडीबाहेर असताना जे काम तासाभरात होते, तेच गाडीत बसल्यावर सुट्टीचे दोन दिवस खाते. क्रँकचे मागचे आणि पुढचे ऑइल सील, ऑइल चेंबरचे गॅसकेट, वॉटर पंप आणि स्पार्क प्लग नवे घालावेत. ऑइल पंपाच्या पिकअप (ऑइल ओढून घेणाऱ्या) नळीला जी रबरी ओ-रिंग असते, ती जुनी होऊन कडक पडते, मग पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो आणि प्रेशर घसरते. या इंजिनाची ही ओळखीची खोड आहे आणि इलाज अगदी स्वस्त आहे, म्हणून ही ओ-रिंग न विसरता बदलावी. हेड उघडायचे ठरवले तर त्यांचे बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते ठरावीक मर्यादेपर्यंत ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात.

व्हॉल्व्ह उघडणारा मूळ कॅमशाफ्ट सौम्य आहे. थोडा तेज कॅम घातला तर वरच्या आरपीएमला ताकद चांगली वाढते, परंतु त्याबरोबर व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलाव्या लागतात आणि संगणकाचे ट्यूनिंगही नव्याने करावे लागते. माझा सल्ला असा, की पहिल्या टप्प्यात इंजिन मूळ कॅमवरच चालवावे आणि गाडीतले बाकी सारे दोष निघून गेल्यावर याचा विचार करावा.

ट्रकचा मूळ ऑइल चेंबर खोल असतो आणि सी-१० च्या क्रॉसमेंबरच्या खाली लोंबतो. गाडी मूळ उंचीवर ठेवणार असाल तर तो चालू शकतो. गाडी खाली घेतलेली असेल तर उथळ चेंबर, त्याच्याबरोबरची पिकअप नळी आणि डिपस्टिक घ्यावी.

इंजिन आणि गिअरबॉक्स बसवणे

जुन्या व्ही-८ च्या माउंटिंगवर हे इंजिन बसवण्यासाठी जोडपट्ट्या मिळतात. गाडीत मूळचे सहा सिलिंडरचे इंजिन असेल तर चेसिसकडचे माउंटिंगही व्ही-८ चे घ्यावे लागते. इंजिन किती मागे बसते हे जोडपट्टीवर ठरते, म्हणून हेडर (एक्झॉस्टचे पाइप), चेंबर आणि जोडपट्ट्या एकाच उत्पादकाकडून, एकमेकांशी जुळणारे घेतले तर स्टिअरिंग बॉक्सला हेडर घासण्याचा प्रश्न टळतो. काहीही कायमचे घट्ट करण्यापूर्वी इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र आत उतरवून फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत), स्टिअरिंग शाफ्ट आणि क्रॉसमेंबर यांच्यापासूनची अंतरे बघावीत.

टर्बो ३५० किंवा टर्बो ४०० हा जुना गिअरबॉक्स तसाच ठेवायचा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. या पिढीतल्या बहुतेक इंजिनांच्या क्रँकचा मागचा फ्लँज जुन्या व्ही-८ पेक्षा ०.४०० इंच आत असतो. स्पेसर आणि योग्य फ्लेक्सप्लेट (क्रँकला कन्व्हर्टर जोडणारी चकती) न घालता जोडणी केली तर कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पंपात पुरेसा शिरत नाही. ४एल६०-ई ला हा प्रश्न येत नाही, कारण तो याच इंजिनांबरोबर येतो. मात्र अवजड ट्रेलर ओढायचा असेल किंवा पुढे ताकद आणखी वाढवायची असेल तर ४एल८०-ई घ्यावा. तो अधिक लांब आणि जड आहे, पण बराच जास्त भार सोसतो.

कन्व्हर्टर बसवताना तो फिरवत, दाबत आत न्यावा. टप्प्याटप्प्याने तो आत घसरल्याचे हाताला स्पष्ट जाणवते. गिअरबॉक्स इंजिनाला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यामध्ये सुमारे १/८ ते ३/१६ इंच फट राहायला हवी आणि कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरायला हवा. फट नसेल आणि बोल्टने आवळून दोघे जुळवले, तर पहिल्याच स्टार्टला पंप फुटतो. गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागतो आणि ऑइलसाठी वेगळा कूलर बसवणे हिताचे असते.

प्रॉपेलर शाफ्ट

गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा नवा शाफ्ट मागवण्यासाठी माप घेताना गाडी चाकांवर, तिच्या नेहमीच्या उंचीवर उभी असावी. मागे कॉइल स्प्रिंग आणि लांब ट्रेलिंग आर्म असल्यामुळे ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेले माप आणि कोन दोन्ही चुकतात. गिअरबॉक्सच्या शाफ्टचा आणि पिनियनचा कोन डिजिटल कोनमापकाने मोजावा. हे दोन्ही एकमेकांना समांतर, एका अंशाच्या आत जुळलेले असावेत आणि प्रत्येक क्रॉसवरचा कोन एक ते तीन अंशांच्या दरम्यान राहावा. ठरावीक वेगालाच येणारी थरथर बहुतेक वेळा इथून सुरू होते. टर्बो ३५० आणि ४एल६०-ई यांचा स्लिप योक (गिअरबॉक्सच्या आत सरकणारे शाफ्टचे टोक) २७ स्प्लाइनचा असतो, तर टर्बो ४०० आणि ४एल८०-ई यांचा ३२ स्प्लाइनचा. योक पूर्ण आत ढकलून मग तीन-चतुर्थांश ते एक इंच बाहेर ओढावा आणि तिथून माप घ्यावे.

इंधन

कार्बोरेटरला पाच-सात पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब पुरतो. एलएम-७ च्या इंजेक्टरना ५८ पीएसआय लागतो. म्हणून जुना पंप आणि जुने रबरी पाइप यांपैकी काहीही वापरता येत नाही, आणि नव्या होजवर फ्युएल इंजेक्शनसाठी प्रमाणित असल्याची खूण हवीच.

या गाड्यांची इंधनटाकी केबिनच्या आत, सीटच्या मागे असते. टाकी बदलायचीच आहे तर ती बाहेर, मागच्या ॲक्सलच्या मागे चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये न्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आत पंप बसलेल्या आणि पंपाभोवती इंधन धरून ठेवणारे कप्पे असलेल्या टाक्या यासाठी तयार मिळतात. वळणावर इंधन बाजूला गेले तरी पंप कोरडा पडत नाही. साधारण ३०० अश्वशक्तीला ताशी ९५ लिटरच्या आसपास इंधन लागते, त्यामुळे ताशी २५५ लिटरचा पंप पुष्कळ होतो. १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर वापरला तर दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर त्यातच असतो आणि परतीची नळी टाकीजवळूनच मागे वळवता येते. जुनी टाकी आणि तिचे पाइप गाडीतून निघेपर्यंत वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे काम करू नये.

कूलिंग

या इंजिनाचे दोन्ही मोठे होज प्रवाशाच्या बाजूला येतात, त्यामुळे तसेच तोंड असलेला रेडिएटर घेतला की होज वळवण्याची कसरत वाचते. दोन्ही हेडच्या पुढच्या टोकाला वाफ बाहेर जाण्याची छोटी तोंडे असतात. ती एकत्र जोडून बारीक नळीने रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा एक्स्पान्शन टाकीत न्यावीत. ती बंद केली तर हेडमध्ये हवा कोंडते, आणि गेज ठीक दाखवत असतानाही मागचे सिलिंडर तापत राहतात.

वायरिंग आणि संगणक

मूळ हार्नेसमधून नको त्या तारा काढून तो सुटसुटीत करता येतो किंवा तयार हार्नेस विकत घेता येतो. वेळ कमी असेल तर तयार घ्यावा. इंजिनाच्या संगणकात चोरीविरोधी यंत्रणा असते. ती ट्यूनिंग करणाऱ्याकडून बंद करून घेतली नाही तर इंजिन क्षणभर सुरू होऊन बंद पडते. संगणकाला किल्लीवरून जो पुरवठा द्यायचा, तो स्टार्टर फिरत असतानाही चालू राहणाऱ्या तारेवरून घ्यावा. जुन्या स्विचवरच्या काही तारांचा पुरवठा क्रँकिंगच्या वेळी तुटतो आणि मग स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही. पुष्कळ लोक अशा वेळी विनाकारण पंप आणि कॉइल बदलत बसतात.

अर्थिंग हा या कामाचा पाया आहे. बॅटरीची निगेटिव्ह केबल थेट ब्लॉकला, ब्लॉकपासून चेसिसला आणि ब्लॉकपासून केबिनला अशा स्वतंत्र जाड केबल लावाव्यात, आणि त्या जागेवरचा रंग खरवडून धातू उघडा करावा. नवा अल्टरनेटर शंभर अँपिअरच्या पुढचा असतो, म्हणून त्याच्यापासून बॅटरीपर्यंत फ्यूज असलेली नवी जाड केबल टाकावी. मूळची तार एवढ्या प्रवाहासाठी नाही. ४एल६०-ई वेगाचा संकेत विजेच्या रूपात देतो, तेव्हा मूळचा केबलचा स्पीडोमीटर ठेवायचा असेल तर रूपांतरक लागतो.

कायद्याची बाजू

अमेरिकेत हे नियम राज्यागणिक बदलतात. मिशिगनमध्ये वाहनांची ठरावीक मुदतीची धूरतपासणी नाही. कॅलिफोर्नियात ती आहे, पण १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना तीतून सूट आहे. भारतातल्या वाचकांनी मात्र हा लेख जसाच्या तसा आपल्या जुन्या जीपला किंवा पिकअपला लावू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. इंजिन बदलण्यापूर्वी आरटीओची परवानगी हवी.

पहिला स्टार्ट आणि पुढचे दिवस

इंजिन सुरू करण्याआधी इंधनपंप आणि कॉइल यांचे फ्यूज काढून स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, गेजवर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. मग पंपाचा फ्यूज घालून किल्ली फक्त ऑन करावी आणि टाकीपासून इंजेक्टरपर्यंत प्रत्येक जोड हात लावून, कोरड्या कागदाने पुसून तपासावा. शेजारी अग्निशामक ठेवावा. त्यानंतरच कॉइलचा फ्यूज घालून इंजिन सुरू करावे. गरम इंजिनात १,००० आरपीएमला किमान ६ आणि २,००० ला किमान १८ पीएसआय ही कंपनीची मर्यादा आहे. निरोगी इंजिन याहून बरेच जास्त दाखवते. थर्मोस्टॅट उघडून दोन्ही होज गरम होईपर्यंत गाडी जागीच चालवावी, कूलंट भरत राहावे आणि गिअरबॉक्सचे ऑइल इंजिन चालू असताना, पार्कमध्ये, गरम स्थितीत पाहावे.

ट्यूनिंगमध्ये टायरचा व्यास, डिफरन्शियलचे गुणोत्तर, पंख्यांचे तापमान आणि गिअर बदलण्याचे वेग हे गाडीप्रमाणे भरून घ्यावेत, नाहीतर गिअरबॉक्स जुन्या गाडीच्याच हिशेबाने बदल करत राहतो. नवे क्राउन-पिनियन घातले असेल तर पहिल्या काही फेऱ्या दहा-पंधरा मैलांच्या, हलक्या पायाने कराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा. पहिले ५०० मैल ट्रेलर लावू नये. त्या टप्प्यावर ॲक्सलचे ऑइल बदलावे, आणि हेडरचे बोल्ट, माउंटिंग, क्रॉसमेंबर, शाफ्टचे बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. मूळचे इंजिन भंगारात न देता ऑइल भरून, सगळी तोंडे बंद करून जपून ठेवावे. गाडी पुढे विकायची झाली तर मूळ इंजिन सोबत मागणारे ग्राहक भेटतात.